पाणी उजव्या हाताला

आत्याला फोनवर सांगितलं की मी लेक सुपिरियरला चक्कर मारायला चाललेय, बाईकवर, एकटीच, तर तिने पहिला प्रश्न विचारला, "कुणाची लेक?" म्हटलं अगं लेक म्हणजे तळं, मोठ्ठं तळं, खरं तर समुद्रच म्हण, या काठावरून तो काठ दिसतच नाही. मग व्हॉट्सॲपवर नकाशा पाठवला, त्यावर बोटाने लाल रेघ ओढून. दहा मिनिटांनी तिचाच फोन आला आणि ती एवढंच म्हणाली, "पाणी उजव्या हाताला ठेव हं."

बाकी सगळ्यांनी मला अस्वलांबद्दल विचारलं होतं, पंक्चर झालं तर काय, फोनला रेंज नसली तर काय, नवऱ्याने इन्शुरन्सचे कागद दोनदा तपासले, मुलगी म्हणाली रोज रात्री लोकेशन पाठव. सगळ्यांचं बरोबरच होतं. पण आत्याने यातलं एकही विचारलं नाही, कारण ती एकसष्टाव्या वर्षी नर्मदा परिक्रमा पायी करून आलेली बाई आहे, साडेचार महिने चालली होती, आणि परिक्रमेचे नियम तिच्या अंगात भिनलेत. मैया कायम उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही, निघताना बाटलीत भरून घेतलेलं पाणी शेवटपर्यंत जपायचं आणि परत आल्यावर अर्पण करायचं. तिच्या दृष्टीने मी काय करतेय हे तिला नीट कळलं होतं, फक्त दिशा चुकू नये एवढीच काळजी.

आणि गंमत म्हणजे बाईकवाल्याच्या हिशोबानेही तीच दिशा बरोबर. इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे घड्याळाच्या काट्याप्रमाणे गेलं की तळं आपल्याच अंगाला राहतं, मधे समोरून येणारी लेन नाही, मनात आलं की उजवा इंडिकेटर द्यायचा आणि काठाला लागायचं. पूर्ण फेरा साधारण १,३०० मैलांचा. मिनेसोटातलं डुलूथ, तिथून उत्तर किनाऱ्याने कॅनडात, ओंटारिओतून सू सेंट मरी, मग मिशिगनचा वरचा भाग, विस्कॉन्सिन आणि परत डुलूथ. मी नऊ दिवस ठेवले होते, लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, झाल्यानंतरचे. डास कमी झालेले असतात आणि मोटेलं अजून बंद झालेली नसतात, तेवढीच फट मिळते मधे.

एकटीच का, हे मला खूप जणांनी विचारलं आणि मी प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगितलं. खरं उत्तर असं आहे की ग्रुपमध्ये मी रस्ता बघत नाही, पुढच्याचा टेललाइट बघते. तो थांबला की थांबते, तो निघाला की निघते, मागचा दिसत नाहीये का ते आरशात बघते, आणि संध्याकाळी सगळे म्हणतात काय भारी रोड होता आणि मी पण हो म्हणते. गेली वीस वर्षं घरातही मी थोडीफार अशीच चालवत आलेय, कुणाचा तरी टेललाइट बघत, त्याची तक्रार नाही, पण मुलगी कॉलेजला गेली त्या महिन्यात मला एकदम जाणवलं की पुढे लाइट नाहीये. ते बरं वाटलं की वाईट, हे कळायला मला तो फेरा हवा होता.

गाडी माझी सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५०, सेकंडहँड घेतलेली, वीस लिटरची टाकी, सामान चढवलं की अडीचशे किलोच्या आसपास जाते. निघायच्या आदल्या रात्री चेनला तेल, टायरची हवा, आणि टँकबॅगच्या वरच्या कप्प्यात खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली, उकळून धुतलेली.

ती बाटली मी डुलूथला भरली. दक्षिणेकडून आय-३५ ने येताना थॉम्पसन हिलचा चढ संपतो आणि अचानक खाली सगळं शहर, बंदर आणि त्याच्यापुढे ते पाणी उघडतं, आणि मी हे आधी चार वेळा बघितलेलं असूनही हेल्मेटच्या आत तोंडातून "अगं बाई" निघालंच. खाली कॅनॉल पार्कमध्ये १९०५ सालचा तो उचलला जाणारा पूल आहे, त्याच्या शेजारच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर उकिडवी बसले आणि बाटली पाण्यात धरली. भरायला किती, वीस सेकंद लागले असतील, तेवढ्यात बोटं दुखायला लागली. या तळ्याच्या पाण्याचं सरासरी तापमान ४ अंशांच्या आसपास असतं. जास्तीत जास्त खोली ४०६ मीटर, आणि बर्फ सोडून जगात जमिनीवर जेवढं गोडं पाणी आहे त्याच्या साधारण दहावा हिस्सा या एका खड्ड्यात आहे. पण मला या सगळ्यांत भिडलेला आकडा वेगळाच आहे. आत आलेलं पाणी बाहेर पडायला सरासरी १९१ वर्षं लागतात. माझ्या बाटलीतलं पाणी या तळ्यात शिरलं तेव्हा माझ्या पणजीची आई पण जन्मली नसेल कदाचित, आणि मी त्याला नऊ दिवसांसाठी फिरायला घेऊन चालले होते.

डुलूथहून उत्तर किनाऱ्याने जाणाऱ्या हायवे ६१ बद्दल लोक भरभरून लिहितात त्यामुळे मी आवरते. एका बाजूला काळा बेसाल्टचा कडा, एका बाजूला पाणी, मधूनमधून बोगदे. हा दगड १.१ अब्ज वर्षांपूर्वीचा, तेव्हा हे खंड मधोमध फाटायला लागलं होतं आणि मग थांबलं, त्या भेगेतून वर आलेला लाव्हा. नंतर हिमनद्यांनी तोच खड्डा खरवडून खोल केला आणि त्यांचंच पाणी त्यात भरलं. टेम्परन्स नावाची नदी लागते, तिच्या नावाची गोष्ट मला फार आवडते. इकडच्या बाकी नद्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो, त्याला इंग्रजीत बार म्हणतात, आणि हिच्या मुखाशी तो नव्हता, मग बार नसलेली नदी म्हणून टेम्परन्स, म्हणजे दारूबंदीवाली. आणि हो, इथल्या हवामानाच्या बातम्यांत एक वाक्य कायम असतं, तळ्याजवळ थंड. मैलभर आत जॅकेटची चेन उघडावीशी वाटते आणि रस्ता पाण्याकडे वळला की हनुवटीखालून गार हवा अशी शिरते की फ्रीजचं दार उघडलंय. दोन दिवसांनी मला डोळे न वळवता कळायला लागलं की पाणी किती जवळ आहे, उजव्या गालावरून.

पहिला मुक्काम मी मुद्दाम आत घेतला. ग्रँड मरेहून गनफ्लिंट ट्रेल नावाचा रस्ता निघतो, ५७ मैल जंगलात जातो आणि संपतो. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत, आणि या रस्त्यावर ती आकडेवारी राहत नाही, झाडांच्या फटीतून एक संपलं की दुसरं चमकतं. वाटेत एक पाटी लागते, लॉरेंशियन डिव्हाइड. पाटीच्या अलीकडे पडलेला पाऊस सुपिरियरकडे जातो, पलीकडे पडलेला उत्तरेला हडसन बेकडे. तिथे ना डोंगर ना कडा, साधा रस्ता आणि स्प्रूसची झाडं. मी गाडी बंद करून तिथे उगाच पाच मिनिटं उभी राहिले.

रात्री तंबूत झोपले आणि लून ओरडायला लागले. लून म्हणजे मिनेसोटाचा राज्यपक्षी, कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावरही तोच आहे. आवाजाचं वर्णन करायला मला जमणार नाही पण प्रयत्न करते. आधी एकाने लांबून एकच सूर काढला, वर चढत जाणारा, कुणीतरी काठावरून पलीकडच्या माणसाला नाव न घेता हाक मारावी तसा. मग खूप वेळ काही नाही. मग पलीकडच्या तळ्यावरून, म्हणजे टेकडीमागून, उत्तर. मी स्लीपिंग बॅगची चेन उघडून बसूनच राहिले. भीती वाटली का, तर हो, पहिली दहा मिनिटं वाटली, म्हणजे कुणीच नाहीये आजूबाजूला हे पोटात कळलं. आणि मग ती हाक आणि ते उत्तर यांच्यामधल्या शांततेची सवय झाली, आणि मी वाट बघायला लागले, आता येईल, आता येईल, आणि कधीतरी वाट बघता बघताच झोप लागली.

सीमेवर कॅनडाच्या अधिकारी बाईने विचारलं कुठे चाललात. म्हटलं तळ्याभोवती. म्हणजे शेवटी कुठे पोचणार? म्हटलं जिथून निघाले तिथे. ती हसली आणि पासपोर्ट परत दिला.

थंडर बेच्या थोडं बाहेर टेरी फॉक्सचं स्मारक आहे. हाडाच्या कॅन्सरने उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला मुलगा, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला कॅनडाच्या पूर्व टोकावरून धावत निघाला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावून १ सप्टेंबर १९८० ला इथे जवळच थांबला, कारण कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. बावीस वर्षांचा होता. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढच्या दोन दिवसांत कळलं, कारण मी त्याच्याच रस्त्याने उलटी चालले होते. निपिगॉनच्या पुढे हायवे १७ सरळ जातच नाही, चढतो, उतरतो, परत चढतो, प्रत्येक चढाच्या माथ्यावर एक खाडी दिसते आणि परत उतार. व्ही-स्ट्रॉम गिअर बदलत आरामात जात होती आणि मी प्रत्येक चढावर मनात म्हणत होते, हा पण. हा पण तो धावला. हा पण.

थंडर बेमध्येच राहायच्या जोसेफिन मॅन्डामिन. इथल्या मूळ रहिवाशांपैकी अनिशिनाबे समाजातल्या आजी. त्यांच्याकडे पाण्याची जबाबदारी बायकांची मानतात. २००३ साली त्या आणि त्यांच्याबरोबरच्या काही जणी तांब्याच्या बादलीत पाणी घेऊन या तळ्याभोवती पायी फिरल्या, पाण्याकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून. सुपिरियरपाशीच थांबल्या नाहीत, पुढच्या वर्षांत बाकीच्या मोठ्या तळ्यांनाही फिरल्या. २०१९ मध्ये गेल्या. हे मी आत्याला त्या रात्री मोटेलवरून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तांब्याचीच?" म्हटलं हो, तांब्याचीच. "आणि पायी?" हो. "त्यांना कुणी शिकवलं असेल गं," आत्या म्हणाली, आणि मग स्वतःच म्हणाली, "आपल्याला तरी कुणी शिकवलं म्हणा."

पुढचं जे लिहायचंय ते वावा नावाच्या गावाच्या अलीकडचं. त्याआधी निपिगॉनच्या पुलाबद्दल एक. नकाशात बघितलं की कळतं, कॅनडाचा पूर्व आणि पश्चिम भाग जोडणारे सगळे रस्ते तिथे एका पुलावर येतात. २०१६ च्या जानेवारीत त्या नव्या कोऱ्या पुलाचा भाग थंडीवाऱ्यात वर उचलला गेला आणि अख्ख्या देशाची वाहतूक तिथे अडली. पुलावरून जाताना त्या केबल्सकडे बघितलं आणि उगाच हळू गेले.

तर मॅरॅथॉन नावाच्या गावातून चौथ्या दिवशी सकाळी निघाले तेव्हा पाऊस होता, जोराचा नाही, बारीक आणि न थांबणारा, आणि तापमान ७ अंश. ७ अंश म्हणजे घरात ऐकायला काही नाही, पण नव्वद किलोमीटरच्या वेगाने ओल्या हातमोज्यांवर तो वारा लागला की बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात, आणि ते थांबणं हे वाईट लक्षण. हीटेड ग्रिप्स होत्या पण त्या तळव्याला, बोटांच्या पाठी तशाच. व्हाइट रिव्हरला पेट्रोल भरलं, कॉफी प्यायले, हे गाव विनी नावाच्या अस्वलाच्या पिल्लासाठी प्रसिद्ध आहे, १९१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याने ते इथे वीस डॉलरला विकत घेतलं होतं, त्याचा पुतळा आहे, मी बघितला की नाही तेही मला धड आठवत नाही. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. थांबवणारं कुणी नव्हतं आणि मी स्वतःला थांबवलं नाही, हे मी एकटीने जाण्याच्या विरोधातलं सगळ्यात खरं कारण मानते आणि जो कुणी विचारेल त्याला सांगते.

अर्ध्या तासाने क्लच दाबताना बोटं वळेनात, म्हणून गाडी रस्त्याकडेच्या थांबायच्या एका खडीच्या जागेवर, टर्नआउटवर घेतली. साइड स्टँड लावला, उतरले, पाठ वळवून मागच्या बॅगेतून कोरडे हातमोजे काढत होते आणि मागे आवाज आला. मोठा नाही. कुणीतरी दमून बसावं तसा. पावसाने मऊ झालेल्या खडीत स्टँड हळूहळू रुतला होता आणि गाडी डाव्या अंगावर आडवी.

पहिली पाच मिनिटं मी नुसती बघत उभी होते. एक गाडी गेली नाही. मग शिकवलेलं आठवायला लागले, मोठ्याने, मराठीत. किल्ली बंद. गिअरमध्ये टाक म्हणजे घरंगळणार नाही. आधी चपटा दगड शोध, कारण उचलून परत त्याच स्टँडवर टेकवलीस तर परत पडणार. दगड सापडला, पोळपाटाएवढा, तो जागेवर सरकवून ठेवला. मग हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, गाडीकडे पाठ केली, बूड सीटच्या कडेला टेकवलं, एका हातात खालची ग्रिप, दुसरा हात मागच्या रॅकच्या दांड्याला, आणि कंबर सरळ ठेवून पायांनी रेटा. हातांनी उचलायची नसते गाडी, पायांनी मागे ढकलायची असते. पहिल्यांदा वीतभर उठली आणि परत बसली. दुसऱ्यांदा बूट घसरला. तिसऱ्यांदा बुटाच्या टाचांनी खडीत खड्डे केले, त्यात टाचा रोवल्या आणि एक एक इंच मागे, मागे, मागे, आणि एका क्षणी वजन एकदम हलकं झालं, ती जागा असते, तिथेच जास्त सांभाळायचं नाहीतर पलीकडे जाते. स्टँड दगडावर टेकला. मी हँडल सोडेना. हात सोडायचे हे डोक्याला कळत होतं आणि हातांना कळत नव्हतं.

तेव्हा एक ट्रक थांबला. लाकडाचे ओंडके वाहणारा, लांबलचक. ड्रायव्हर साठीचा असेल, उतरला, गाडीकडे बघितलं, माझ्या थरथरणाऱ्या हनुवटीकडे बघितलं आणि म्हणाला केबिनमध्ये हीटर चालू आहे, जाऊन बस. मी जागची हलले नाही. एकटी बाई, पावसात, अनोळखी ट्रक, जे मनात यायचं ते आलं आणि ते त्याला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. तो काही बोलला नाही. किल्ली माझ्या हातात दिली, दार उघडं ठेवलं आणि स्वतः जाऊन माझ्या बाईकपाशी उभा राहिला, पावसात, आमच्याकडे पाठ करून, म्हणजे माझ्याकडे आणि त्याच्या ट्रककडे. पंधरा मिनिटं. मी हीटरसमोर बोटं धरून रडले, बोटांत रक्त परत येताना जे दुखतं त्याने रडले आणि त्या पाठीकडे बघून पण. खाली उतरले तेव्हा त्याने फक्त विचारलं, वावापर्यंत? म्हटलं हो. वावापर्यंत तो माझ्यामागे ठराविक अंतर ठेवून आला, तिथे भोंगा वाजवला आणि गेला. नाव विचारायचं राहिलं.

मोटेलवर टँकबॅग उघडली तर कप्प्यात पाणी. बाटलीचं झाकण चिरलेलं, निम्म्याहून जास्त सांडलेलं. दिवसभर जे सगळं धरून ठेवलं होतं ते या बाटलीपाशी सुटलं. आत्याला फोन लावला, तिकडे पहाटेचे साडेपाच, ती उठलेलीच असते. गाडी पडली हे सांगितलं, ट्रकवाल्याचं सांगितलं, आणि मग सांगितलं की पाणी सांडलं गं.

"कुठे सांडलं?"

रस्त्यालगत, खडीत.

"आणि तिथलं पाणी उताराने कुठे जातं?"

मी गप्प. गनफ्लिंटची ती पाटी डोळ्यासमोर आली. मी त्या रेषेच्या अलीकडेच होते, तिथला प्रत्येक ओहोळ सुपिरियरलाच जातो.

"तळ्यातच ना?" आत्या म्हणाली. "मग ते तुझ्याआधी पोचेल. उरलेलं तू घेऊन जा. आणि आत्ता आधी गरम काहीतरी खा."

दुसऱ्या दिवशी ऊन. वावाच्या दक्षिणेला रस्ता लेक सुपिरियर प्रोव्हिन्शियल पार्कमधून जातो आणि मी आयुष्यात चालवलेला सगळ्यात सुंदर रस्ता तो हाच, यात मला शंका नाही. तिथे आगावा रॉक आहे. पाण्यातून सरळ वर गेलेला कडा आणि त्यावर ओजिब्वे लोकांनी लाल गेरूने काढलेली चित्रं, होड्या, साप, आणि मिशिपेशू, शिंगं असलेला पाण्यातला वाघासारखा प्राणी, तळ्याच्या खोलीचा मालक. चित्रांपर्यंत जायला पाण्यालगत उतरता कातळ आहे, ओला झाला की निसरडा, आणि लाटा असतील तर जाऊ नका अशी पाटी. पाऊस थांबला होता पण आदल्या दिवसाच्या लाटा अजून तळ्यात होत्या, कातळावर चढून पांढऱ्या होऊन उतरत होत्या. मी अर्धा तास थांबले. मग परत फिरले. दर्शन झालं नाही म्हणून चुटपुट लागली, पण आदल्याच दिवशी न थांबण्याचा अनुभव ताजा होता, आणि त्या प्राण्याची चित्रं काढणाऱ्यांना हेच सांगायचं असेल तर मला ते बाहेरूनही पोचलं.

सू सेंट मरीला तळं संपतं आणि नदी होते. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते, पण समुद्राशी मात्र विमलेश्वरहून मिठीतलाईला नावेत बसून पलीकडे जावंच लागतं. आत्या त्या नावेबद्दल नेहमी सांगते. मी १९६२ सालच्या त्या उंच पुलावरून अमेरिकेत परत आले, खाली लॉक्समध्ये, म्हणजे जहाजं वरखाली करायच्या पाण्याच्या कोठ्यांत, एक लांबलचक जहाज २१ फूट खाली उतरायची वाट बघत होतं, आणि वाऱ्याने गाडी हलत असतानाही मी मनात म्हटलं, नर्मदे हर.

आणि मग व्हाइटफिश पॉइंट. पॅरडाइज नावाच्या गावापासून वर ११ मैल, रस्ता तिथेच संपतो. १० नोव्हेंबर १९७५ ला एडमंड फिट्झजेराल्ड हे ७२९ फुटी जहाज या टोकापासून अवघ्या १७ मैलांवर बुडालं, २९ माणसांसकट, मदतीची एकही हाक न देता. मागच्या जहाजाने रेडिओवर विचारलं होतं कसं चाललंय, कॅप्टन म्हणाला आम्ही तग धरून आहोत. ते शेवटचं. थोड्या वेळाने रडारवर काही नव्हतं. जहाज ५३० फुटांवर आहे, तिथे पाणी इतकं थंड की देह वर येत नाहीत, त्या एकोणतीस जणांपैकी कुणीही परत मिळालं नाही. १९९५ मध्ये घरच्यांच्या इच्छेने जहाजाची घंटा वर आणली, ती इथल्या संग्रहालयात आहे, आणि तिच्या जागी खाली दुसरी घंटा ठेवली, तिच्यावर सगळ्यांची नावं कोरून. मी घंटेसमोर उभी राहिले, मग बाहेर बाकावर बसून फोनवर ती नावं शोधली आणि एकेक करून वाचली, हळू आवाजात. त्यात बावीस वर्षांचा एक मुलगा होता.

परत पॅरडाइजपर्यंत यायला तोच रस्ता. ११ मैल पाणी डाव्या हाताला. चुकल्यासारखं वाटत होतं, डावा गाल गार पडत होता आणि त्याला सवय नव्हती.

पुढचे दोन दिवस भराभर गेले. सीनीचा तो २५ मैलांचा सरळसोट रस्ता, एकही वळण नाही. मग किविनॉ, तळ्यात घुसलेलं मिशिगनचं बोट. इथे मी नकाशा घेऊन बसले आणि मुद्दाम यूएस ४१ ने मधून वर कॉपर हार्बरला गेले आणि एम-२६ ने काठाने खाली आले, म्हणजे पाणी उजवीकडेच. याच मातीत शुद्ध तांबं मिळतं, वितळवायचीही गरज नाही असं, आणि युरोपातले लोक यायच्या हजारो वर्षं आधीपासून इथली माणसं ते काढून दागिने, हत्यारं घडवत होती. एका दुकानाबाहेर डोक्याएवढा गोळा ठेवला होता, हात लावला तर उन्हाने कोमट होता. त्या आजींची बादली आठवली.

नवव्या दिवशी संध्याकाळी सातला डुलूथ. त्याच गोट्यांवर त्याच जागी बसले, म्हणजे साधारण त्याच. बाटलीला झाकणाऐवजी प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड लावला होता, आत बोटभर पाणी उरलं होतं. मागे इंजिन गार होताना टिक टिक वाजत होतं. एक लाट येऊन गेली तेव्हा ओतलं. पुढची आली तेव्हा बाटली विसळली.

आत्याने पहिल्या रिंगला उचलला.

"पोचलीस? पाणी उजवीकडेच ठेवलंस ना?"

म्हटलं हो, अकरा मैल सोडून. आणि मग तिला ते सगळं सांगितलं, जहाज, घंटा, तग धरून आहोत.

"नावं वाचलीस का सगळ्यांची?"

वाचली.

"मग बरं केलंस वळलीस ते," आत्या म्हणाली. "थांब जरा, दूध वर येतंय." आणि फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, मग गॅस बंद केल्याचा, आणि मी कानाला फोन लावून पाण्याकडे बघत थांबले.